समुद्रपार जाणारी बंद पेटी

श्रोतेहो, ज्या खोलींत बसून आपण हें भाषण ऐकत आहां, तिच्यांत एकवार नजर फिरवा. भिंतीवरचें घड्याळ, दिव्याचें बटण, मुलांचीं खेळणीं, कपाटांतील औषधाची बाटली. यांपैकीं पुष्कळ वस्तू, निदान त्यांचे कांहीं भाग, केव्हां ना केव्हां समुद्र ओलांडून आलेले असतात. आणि ते बहुतेक एकाच जातीच्या पेटींतून आलेले असतात. हमरस्त्यावर लांबलचक मोटारींच्या पाठीवर तांबड्या, निळ्या, हिरव्या रंगाच्या पन्हळी पत्र्याच्या ज्या प्रचंड पेट्या दिसतात, त्याच या. आपण त्यांना कंटेनर म्हणतों, आणि रस्ता अडवून ठेवणारी एक पीडा यापलीकडे शहरवासी माणसाचा त्यांच्याशीं सहसा परिचय नसतो. तो थोडा वाढवावा असा माझा विचार आहे. कारण परदेशीं बिऱ्हाड हलविणारीं, अगर मुलाबाळांना सामान धाडणारीं कुटुंबें आपल्यांत आतां थोडीं नाहींत.

पेटी दिसावयास अगदीं साधी. लहान पेटी २० फूट लांब, मोठी ४० फूट. रुंदी दोहोंची ८ फूट, आणि उंची सामान्यतः साडेआठ फूट. पोलादी पत्र्याच्या भिंती, लांकडी तळ, आणि एका टोंकाला दोन दारें. लहान पेटी रिकामी असतां सव्वादोन टनांच्या आसपास भरते व माल धरून सुमारें तीस टनांपर्यंत वजन पेलते. तिची सारी खुबी आहे ती आठ कोंपऱ्यांत. प्रत्येक कोंपऱ्याला ओतीव पोलादाचा एक ठोकळा असून त्याला ठराविक मापाचीं भोंकें असतात. यारीचे आंकडे त्यांतच अडकतात, जहाजावर एका पेटीवर दुसरी पेटी त्यांतूनच जखडली जाते, आगगाडीच्या व मोटारीच्या खिळ्याहि त्यांतच बसतात. रॉटरडॅम असो, सिंगापूर असो वा आपलें न्हावा-शेवा असो, भोंकांचें माप एकच. पेटीच्या अंगावर चार अक्षरें व सात आंकडे लिहिलेले असतात. त्यांतला शेवटचा आंकडा मागील सर्व अक्षरें व आंकडे यांवरून गणितानें काढलेला असतो, म्हणजे कारकुनानें एखादा आंकडा चुकीचा उतरला तर हिशेब जुळत नाहीं आणि चूक तेथल्या तेथें पकडली जाते.

ही पेटी येण्यापूर्वीं माल कसा जात असे, हें मुंबईकरांस तरी निराळें सांगावयास नको. १८८० सालीं प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया डॉक, १९१४ सालीं अलेक्झांड्रा डॉक (आज ज्याला आपण इंदिरा डॉक म्हणतों) अशा गोद्या मुंबईंत होत गेल्या, आणि त्यांच्या भोंवतीं हमालांची एक स्वतंत्र दुनिया उभी राहिली. प्रत्येक पोतें, प्रत्येक गांठ, प्रत्येक पिंप माणसाच्या हातांतून अगर पाठीवरून जावयाचें. आंकडा रुतवून पोतें ओढावयाचें, वखारींत थप्पी लावावयाची, आणि जहाजाच्या पोटांत पुन्हां नव्यानें रचावयाचें. त्यामुळें जहाजाचा बराच काळ समुद्रावर न जातां धक्क्याला बांधून घेण्यांत जाई. वाटेंत कांहीं पोतीं फुटत, कांहीं भिजत, आणि कांहींना आपोआप पाय फुटत, तें निराळेंच.

हें सारें बदललें तें एका अमेरिकन मोटार-मालवाहतूकदारामुळें. त्याचें नांव मॅल्कम मॅक्लीन. मोटारीवरचा माल उतरवून जहाजांत भरण्याऐवजीं मोटारीवरची पेटीच उचलून जहाजावर कां ठेवूं नये, असा त्याचा रोकडा प्रश्न होता. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ नांवाचें एक जुनें तेलवाहू जहाज डागडुजी करून ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालें. सुटा माल जहाजांत भरण्यास त्या वेळीं टनामागें ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई. या पद्धतीनें तो सुमारें १६ सेंटवर आला. पुढें पेट्यांचीं मापें आंतरराष्ट्रीय ठरावानें निश्चित झालीं. भारतांत कंटेनर घेऊन पहिलें जहाज आलें तें १९७३ सालीं कोचीन बंदरांत. आणि १९८९ सालीं मुंबई बंदराच्या समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथें मुख्यतः या व्यापारासाठीं नवें बंदर सुरू झालें. आज चारशें मीटर लांबीचीं जहाजें आहेत, व २० फुटी पेटीच्या मापानें अशा चोवीस हजारांहून अधिक पेट्या एका जहाजावर मावतात. गोदींतले हात मात्र रिकामे झाले. स्वस्ताईचा हिशेब मांडतांना ही बाजू आपण सहसा विसरतों.

आतां मुद्द्याची गोष्ट. ही स्वस्ताई कशांतून आली? पेटी वाटेंत उघडावी लागत नाहीं, यांतून. माल भरला, दारें लावलीं, कडीला पोलादी खिळ्याचें सील ठोकलें, की तें सील परमुलुखांत माल घेणाराच्या दारीं तुटावें, असा संकेत आहे. कस्टमचे अधिकारी संशय आल्यास अगर नमुन्यादाखल कांहीं पेट्या उघडतात किंवा यंत्रानें पारखतात. सर्वच उघडूं लागले तर हा व्यापार दोन दिवसांत ठप्प होईल. म्हणजे जिच्या पोटांत काय आहे हें कोणी पाहिलेलें नाहीं, अशी वस्तु यारीवाला उचलतो, कप्तान जहाजावर घेतो, आणि खलाशी तिच्या शेजारीं झोंपतो. जहाज कंपनी माल मिळाल्याबद्दल जो दस्तऐवज देते त्यास बिल ऑफ लेडिंग म्हणतात. ती मालाची पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आहे, आणि तिच्या प्रचलित प्रकारांत मालाच्या मालकीचें पत्रहि आहे. तें ज्याच्या हातीं असेल त्याच्या ताब्यांत परमुलुखीं माल द्यावयाचा. असा हा वजनदार कागद. पण मालाच्या वर्णनाच्या वर त्यावर बहुधा एक बारीक शेरा छापलेला असतो. त्याचा अर्थ असा, कीं आंत अमुक माल आहे असें ‘पाठविणाराचें म्हणणें आहे’. भरणें त्याचें, मोजणें त्याचें. आम्ही फक्त बंद पेटी पाहिली. कंपनीला यापरतें कांहीं म्हणतांहि यावयाचें नाहीं. एवढा अवाढव्य व्यापार पाठविणाराच्या शब्दावर चालला आहे.

तो शब्द किती खरा असतो? याची एक पारख अकल्पितपणें झाली. जानेवारी १९०० नव्हे, अगदीं अलीकडे, जानेवारी २००७ मध्यें ‘एम्. एस्. सी. नापोली’ हें जहाज इंग्लिश खाडींत वादळांत सांपडलें, त्याचा सांगाडा तडकला, आणि तें मुद्दाम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लावावें लागलें. त्याच्या तक्तपोशीवरील ज्या सुमारें ६६० पेट्या कोरड्या राहिल्या होत्या त्या सर्व तोलून पाहिल्या, तेव्हां १३७ पेट्यांचें खरें वजन कागदावरील वजनाहून तीन टनांपेक्षां अधिक फरकाचें निघालें. जड पेटी हलकी म्हणून वर रचली कीं थर कोसळतात, जहाजाचा तोल जातो, सांगाड्यावर भलताच ताण पडतो. पुढें १ जुलै २०१६ पासून सर्व जगभर असा नियम झाला कीं, भरलेल्या पेटीचें प्रत्यक्ष पडताळलेलें वजन लेखी दिल्याखेरीज ती जहाजावर चढवूं नये. वजनाचा प्रश्न कांट्यानें बराचसा सोडविला. परंतु आंत काय आहे हें कांटा सांगूं शकत नाहीं.

ज्वालाग्राही मालाचा विषय निघाला कीं मुंबईच्या मनांत १४ एप्रिल १९४४ हा दिवस येतो. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या गांठी आणि सुमारें चौदाशें टन स्फोटक माल एकत्र होता. व्हिक्टोरिया गोदींत तें पेटलें आणि फुटलें. आग विझविण्यास धांवलेले ६६ बंबवाले त्यांत गेले. मेलेल्या माणसांची गणती शेंकड्यांनीं करावी लागली. जहाजावरील सोन्याच्या लगडी गोदीबाहेरच्या वस्तींत जाऊन पडल्या. परंतु त्या जहाजांत काय आहे हें जहाजावरच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होतें. कागद खरे बोलत होते. वेळेवर निर्णय झाला नाहीं. आजची अडचण याहून निराळी आहे. हजारों पेट्यांपैकीं धूर येणाऱ्या पेटींत काय आहे याचें उत्तर कप्तानाला फक्त यादींत शोधावें लागतें, आणि यादी खोटी असेल तर पाणी मारावें कीं मारूं नये, हेंहि त्याला कळत नाहीं. कारण कांहीं रसायनें पाण्यानेंच भडकतात. धोकादायक मालाचें भाडें अधिक, अटी अधिक, जागा ठराविक. म्हणून कोणी कोळशाला, रसायनाला अगर बॅटऱ्यांना भलतेंच निरुपद्रवी नांव देतो. चार पैसे वांचतात, आणि ती पेटी जहाजाच्या पोटांत, आगीचा बंब पोंचणार नाहीं अशा जागीं, जाऊन बसते.

माल खरा लिहिला असूनहि बांधणी कच्ची असेल तर काय होतें, हें ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाजानें २०२१ च्या मे महिन्यांत दाखविलें. नायट्रिक ॲसिडची एक पेटी वाटेंत गळूं लागली. कतारमधील हमाद व गुजरातेंतील हझिरा या दोन्ही बंदरांत ती उतरवून घेतली गेली नाहीं. कोलंबोसमोर २० मे रोजीं आगीचा भडका उडाला, पुढें जहाज बुडालें, आणि प्लास्टिकचे बारीक दाणे श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अक्षरशः थरांनीं येऊन पडले. कोळ्यांची मासेमारी बंद झाली. ९ जून २०२५ रोजीं कोलंबोहून न्हावा-शेव्याकडेच निघालेलें ‘वान हाय ५०३’ हें जहाज केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रांत पेटलें. बावीस खलाशांपैकीं अठरा वांचविले गेले. चार बेपत्ता झाले.

आमचीं भांडींकुंडीं व पुस्तकें यांचा या आगींशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध दोन ठिकाणीं येतो. बिऱ्हाड मोठें असेल तर आख्खी पेटी घेतां येते. लहान पेटींत सुमारें ३३ घनमीटर जागा असते. खोकीं व फर्निचर रचतांना मध्यें फटी राहतात, म्हणून पंचवीस-अठ्ठावीस घनमीटरच हिशेबांत धरावे. सामान थोडें असेल तर तें दहा अनोळखी लोकांच्या मालाबरोबर एका पेटींत जातें, आणि आकार घनमीटर व टन यांपैकीं जो अधिक भरेल त्याप्रमाणें पडतो. हें स्वस्त खरें. परंतु त्या दहांपैकीं एकाच्या मालाविषयीं कस्टमला शंका आली तर उरलेल्या नऊ जणांचीं खोकींहि अडकून पडतात. म्हणून यादींत ‘घरगुती सामान’ एवढेंच मोघम लिहूं नये. कुकर, पितळी पातेलीं, पाटा, पुस्तकें असें नांवानिशीं व संख्येनिशीं लिहावें. अत्तराच्या बाटल्या, स्टोव्हचें तेल, रंग, बॅटरीवर चालणारीं यंत्रें, हीं भरण्यापूर्वीं वाहतूकदारास स्पष्ट विचारावें. लांकडी खोका असेल तर त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. लांकडांतील कीड ठराविक रीतीनें, बहुधा लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवून, मारली आहे, असा त्याचा अर्थ. पावसाळ्यांत मुंबईच्या दमट हवेंत भरलेली पेटी थंड प्रदेशांत गेली म्हणजे आंतली वाफ छपराला थिजून मालावर ठिबकते. वरून एक थेंब न पडतां पुस्तकें भिजतात तीं अशीं. आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या आणि खोकीं ओल्या लांकडावर ठेवूं नयेत.

दुसरा संबंध खिशाशीं आहे. समुद्रावरील व्यापाराचा एक फार प्राचीन दंडक आहे. जहाज व सर्वांचा माल वांचविण्याकरितां कांहीं जाणूनबुजून खर्ची घातलें, तर तो खर्च ज्यांचें वांचलें त्या सर्वांनीं आपापल्या मालाच्या किंमतीप्रमाणें वांटून घ्यावयाचा. रोमन कायद्यांत हा दंडक ऱ्होड्स बेटाचा म्हणून सांगितला आहे. इंग्रजींत त्यास जनरल ॲव्हरेज म्हणतात, व तो आजहि पुरता जिवंत आहे. २०२१ च्या मार्चमध्यें ‘एव्हर गिव्हन’ सुवेझच्या कालव्यांत सहा दिवस रुतून बसलें, तेव्हां जहाजाच्या मालकांनीं तो लागू केला. हजारों पेट्यांच्या धन्यांचा कांहींएक अपराध नसतां त्यांना हमी द्यावी लागली. मार्च २०१८ मध्यें अरबी समुद्रांत ‘मर्स्क होनाम’ पेटलें, पांच खलाशी मेले, आणि ज्यांचा माल वांचला त्यांच्याकडून जहाज सोडविण्याचा खर्च व हा वांटा मिळून मालाच्या किंमतीच्या शेंकडा ५४ इतकें तारण मागितलें गेलें. लाखाचा माल असेल तर चोपन्न हजार. विमा असलेल्यांची हमी विमा कंपनी देते. नसलेल्यानें रोख भरावे, नाहीं तर स्वतःचा शाबूत माल दुरून पाहावा. विम्याची रक्कम एकंदर खर्चाच्या मानानें लहान असते; तरी बिऱ्हाड हलविणारे लोक काटकसर करतात ती नेमकी तेथें. विमा घेतांना जनरल ॲव्हरेजचा अंतर्भाव आहे कीं नाहीं, हें लेखी विचारून घ्यावें.

माल पोंचल्याची सूचना आली कीं दिरंगाई करूं नये. मोफत मुदतीचे थोडे दिवस संपले कीं बंदरांतील जागेचें व पेटीचें भाडें रोज चढूं लागतें. आख्खी पेटी दारीं आली, तर दार उघडण्यापूर्वीं सीलचा क्रमांक बिलावरील क्रमांकाशीं ताडून पाहावा, आणि त्याचें छायाचित्र काढावें. आंकडे जुळत नसतील तर सील तोडूं नये. विमा कंपनीचा तपासनीस येईपर्यंत पेटी तशीच बंद राहूं द्यावी.