जुन्या घराची केस-हिस्टरी

दवाखान्याचा जम बसला, गृहकर्जाचे हप्ते संपले, की आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक विचार डोकावतो. एखादे जुने घर स्वस्तात घ्यावे, डागडुजी करून भाड्याने द्यावे. उतारवयात तेवढाच आधार. २०११ साली आम्ही उभयतांनी इंदुरात असाच एक फ्लॅट घेतला. इमारत सुमारे ३० वर्षांची, फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावरचा, खर्च रजिस्ट्रीसह १८ लाख. ठेकेदार माझ्या एका बालरुग्णाचा काका. त्याने ४ लाखांत व ३ महिन्यांत काम पुरे करण्याचा शब्द दिला. आम्ही कोणताही कागद न करता २ लाख ४० हजार रुपये आगाऊ दिले. पाचव्या महिन्यात तो काम अर्धवट टाकून गेला. अखेर ११ महिने लागले आणि खर्च साडेसहा लाखांवर गेला. ही केस मी वैद्यकबंधुभगिनींपुढे मांडत आहे, ती आपण हेच चुकू नये म्हणून.

आधी निदान, मग उपचार

रुग्ण न तपासता आपण औषध लिहीत नाही. घराच्या बाबतीत मात्र नेमके तेच करतो. जुने घर शक्यतो भर पावसाळ्यात पाहावे. छतावरची ओल, स्नानगृहाच्या मागच्या भिंतीचे पोपडे, स्लॅबमधून डोकावणाऱ्या गंजलेल्या सळया ही लक्षणे आहेत. त्यांवर रंग देणे म्हणजे कारण न शोधता ताप उतरवणे. आम्ही घर उन्हाळ्यात पाहिले आणि गच्चीची गळती जुलैत कळली. भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घ्यावेच. त्याची फी वाचवणे महागात पडते.

हिशेब

आमचे भाडे ठरले दरमहा ९ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार. एकूण गुंतवणूक साडेचोवीस लाख. परतावा सुमारे ४.४ टक्के, तोही देखभाल व कर वजा न करता. त्या काळी बँकेची मुदतठेव याच्या जवळजवळ दुप्पट व्याज देत होती. शिवाय काम ८ महिने लांबल्याने ७२ हजारांचे भाडे बुडाले, ते वेगळेच. म्हणून खरेदीची किंमत, रजिस्ट्री, दुरुस्ती आणि घर रिकामे राहण्याचा काळ हे चारही आकडे आधी मांडावेत. दुरुस्तीच्या अंदाजावर १० ते १५ टक्के अधिक धरावेत. भाडेकरू महागड्या टाइल्सचे जादा पैसे देत नाही. त्याला पाणी, सुरक्षित वीज आणि कोरड्या भिंती हव्या असतात.

ठेकेदार आणि करार

ओळख ही पात्रता नव्हे. किमान तिघांकडून दर घ्यावेत. पण तिघांना कामांची एकच यादी द्यावी, नाहीतर तुलना निरर्थक ठरते. काम मालासकट की केवळ मजुरीवर, मापाप्रमाणे की एकरकमी, जीएसटीसह की वगळून, हे स्पष्ट लिहून घ्यावे. सिमेंट, वायर, पाइप यांचा ब्रँड व दर्जा नमूद करावा. ठेकेदाराने २ वर्षांपूर्वी केलेले एखादे काम जाऊन पाहावे. नवे काम सगळेच सुंदर दिसते.

आगाऊ रक्कम १० टक्क्यांच्या आसपास असावी. पुढचे हप्ते तारखेवर नव्हे, तर पुऱ्या झालेल्या टप्प्यावर द्यावेत. तोडफोड, नळ व वीज, वॉटरप्रूफिंग, गिलावा, फरशी, सुतारकाम आणि शेवटी रंग, असा साधारण क्रम असतो. अखेरचे ५ ते १० टक्के एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावेत. मध्येच सुचलेले जादा काम दरासह लिहून, सही घेऊनच सुरू करावे.

झाकले जाणारे काम

भिंतीत गेलेले पाइप व वायरी बुजवण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत. स्नानगृहाचे वॉटरप्रूफिंग झाले की फरशी बसवण्यापूर्वी तेथे २४ ते ४८ तास पाणी साठवून खालच्या घराचे छत पाहावे. गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारलेच पाहिजे. विजेच्या फलकावर अर्थिंगबरोबर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. घरात लहान मुले असतील तर विशेषच.

रंगाची धूळ

आता बालरोगतज्ज्ञ म्हणून जे सांगायचे ते. एके दुपारी मी काम पाहायला गेले. मिस्त्री खिडक्यांचा जुना ऑइलपेंट पॉलिश पेपरने कोरडाच घासत होता आणि मजूर जोडप्याची दोन वर्षांची मुलगी त्या धुळीत बसून बोटे चोखत होती. जुन्या ऑइलपेंटमध्ये बरेचदा शिसे असते, हे मी पालकांना सांगत आले होते. स्वतःच्या घरी मात्र विसरले. काम थांबवले, रक्ताचा नमुना मुंबईस पाठवला. शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर १४ मायक्रोग्रॅम आले. लोह सुरू केले, पुन्हा तपासणीची तारीख दिली. त्याआधीच ठेकेदार गेला आणि त्याच्याबरोबर ते कुटुंबही. दुसरी तपासणी राहूनच गेली.

भारतात घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाबद्दल शंकाच धरावी. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅमलाच स्रोत शोधून दूर करावा असे सांगते. सुरक्षित अशी पातळी ज्ञात नाही. म्हणून जुना रंग ओला करूनच खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. कामाच्या जागी मुले व गर्भवती स्त्रिया नसाव्यात. मजुरांच्या मुलांसाठी वेगळ्या खोलीची सोय करारातच लिहावी. तिचा खर्च किरकोळ असतो.

वाढलेले अडीच लाख पुढे भाड्यातून भरून निघाले. त्या मुलीचे केसपेपर मात्र आजही माझ्या कपाटात अपुरेच आहे. आपण घर घ्यावे, सजवावे, त्यातून आधारही मिळवावा. केवळ अशी अपुरी नोंद कोणाच्या कपाटात राहू नये, एवढीच सदिच्छा.