मुलाखतीनंतरचे मौन
सीमाभागातील उमेदवारांची अडचण आणि उपलब्ध मार्ग

बेळगाव, खानापूर व निपाणी या पट्ट्यातील सुशिक्षित तरुणास नोकरीच्या शोधात दोन राज्यांच्या दारांशी जावे लागते. बेळगावच्या उद्यमबाग परिसरात ओतकामाचे व यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचे कारखाने आहेत. निपाणीहून पुणे-बंगळूर महामार्गाने उत्तरेकडे निघाल्यास कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, पुढे गोकुळ शिरगाव आणि कोल्हापूर ओलांडल्यावर शिरोली अशा वसाहती लागतात. सकाळच्या एस.टी.ने गेलेला उमेदवार मुलाखत आटोपून दिवेलागणीपर्यंत घरी परतू शकतो. याखेरीज साखर कारखाने, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि दोन्ही राज्यांच्या शासकीय भरतीच्या जाहिराती असतातच. मुलाखतीची संधी अगदीच मिळत नाही, असे म्हणता येणार नाही. अडचण सुरू होते ती मुलाखत संपल्यानंतर.

मुलाखत पार पडते. प्रमाणपत्रांच्या प्रती ठेवून घेतल्या जातात, पगाराची अपेक्षा विचारली जाते आणि शेवटी ‘कळवू’ असे सांगितले जाते. मराठीतील या क्रियापदाला कर्ता आहे, काळही आहे. दिवस तेवढा नाही. आठवडा जातो, महिना जातो. दूरध्वनी केल्यास ‘साहेब बाहेर गेले आहेत’ असे उत्तर मिळते, आणि पुढे तेही मिळेनासे होते. निवड झाली नाही, एवढे दोन शब्दही उमेदवारापर्यंत पोहोचत नाहीत.

वरवर पाहता ही केवळ शिष्टाचारातील उणीव वाटते. परंतु तिचा भार उमेदवाराच्या संसारावर पडतो. निपाणी परिसरातील एखाद्या गावचा, आयटीआयमधून जोडारीचे शिक्षण घेतलेला तरुण घ्यावा. कागलच्या कारखान्यात त्याची मुलाखत चांगली झाली. घरी तंबाखूच्या लावणीची वेळ आली आहे. पण उद्या बोलावणे आले तर, या विचाराने तो बाहेरचे रोजाचे काम अंगावर घेत नाही. दुसऱ्या कारखान्यातील कमी पगाराची जागा नाकारतो. साखर कारखान्यातील हंगामी कामाचे तर याहून अवघड असते. गळिताच्या तोंडावर घेतलेल्या मुलाखतीचे उत्तर माघापर्यंत आले नाही, तर उत्तराची गरजच उरत नाही. हंगामच संपत येतो. दरम्यान घरच्यांनी पैपाहुण्यांना ‘पोराचं काम होत आलंय’ असे सांगून ठेवलेले असते. गावातील प्रत्येक भेटीत विचारणा होते, आणि तिला द्यावयास त्याच्यापाशी होकार नसतो, तसाच नकारही नसतो.

या अनिश्चिततेचा लाभ घेणारेही असतात. मुलाखत आणि निर्णय यांमधील दिवस हे दलालाचे दिवस होत. ‘यादीत नाव आहे, वर थोडे द्यावे लागेल’ असे सांगणाऱ्या मनुष्यास आत काय चालले आहे हे उमेदवाराइतकेच ठाऊक नसते. परंतु कार्यालय गप्प असल्याने बोलणारा तोच एकटा ठरतो. निवड झालीच, तर पैसे आपल्यामुळे कामी आले असे तो म्हणतो. न झाल्यास पुढील जाहिरातीचा वायदा करतो. नियुक्तीसाठी अनामत रक्कम मागणारे कोणतेही पत्र मूळ आस्थापनेत स्वतः जाऊन पडताळून पाहिल्याशिवाय खरे मानू नये.

मौनामागील कारणे

मालक किंवा संस्थाचालक गप्प का राहतात, याची कारणे बहुधा व्यवहारातील असतात. एका जागेसाठी पहिल्या पसंतीचा उमेदवार ठरला, तरी तो प्रत्यक्ष हजर होईपर्यंत दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना मोकळे करणे मालकास सोयीचे वाटत नाही. पहिला आधीच्या नोकरीची सूचना-मुदत पुरी करून येणार असेल, तर यात एक-दोन महिने सहज जातात. कित्येकदा मुलाखती होतात, पण जागा भरण्यास वरून मंजुरी आलेली नसते. मागणी घटते आणि जागा तशीच ठेवली जाते. पुष्कळ कारखान्यांत कामगार आता कंत्राटदारामार्फत घेतले जातात. अशा ठिकाणी मुलाखत घेणारा एक, निर्णय घेणारा दुसरा आणि पगार देणारा तिसरा असतो. कळविण्याचे काम कोणाचे, हे त्या तिघांत ठरलेले नसते. नकाराचे कारण लेखी दिल्यास वाद उद्‌भवेल, अशी भीतीही असते. ती काही अंशी समजण्यासारखी आहे. मात्र निवड झाली नाही एवढे कळविण्यासाठी कारण देण्याची आवश्यकता नसते, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

कायद्याने काय सांगितले होते

रोजगार विनिमय केंद्रांची सुरुवात १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून झाली. पुढे ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. या केंद्रांचा दैनंदिन कारभार केंद्र शासनाने राज्यांकडे सोपविला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्यपुनर्रचनेने बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तोही हाच दिवस. त्यामुळे सीमाभागातील उमेदवाराची नोंदवही एका राज्याकडे आणि त्याच्या भाषेतील जाहिराती बहुतांशी दुसऱ्या राज्यात, ही स्थिती पहिल्या दिवसापासूनच निर्माण झाली.

त्यानंतर १९५९ मध्ये रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे सक्तीचे करणारा कायदा झाला. सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापना त्याच्या कक्षेत होत्या. शेतीकाम, घरकाम, अकुशल कार्यालयीन काम आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीच्या जागा त्यातून वगळलेल्या होत्या. नियमांनुसार मुलाखतीच्या किमान १५ दिवस आधी जागा कळवावयाची आणि निवड झाल्यापासून १५ दिवसांच्या आत निवडीचा निकाल कळवावयाचा होता. कसूर केल्यास पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत व त्यानंतर १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती.

येथे एक बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. निकाल कळवावयाचा होता तो कार्यालयास, उमेदवारास नव्हे. कोणाची निवड झाली हे नोंदवहीत लिहिले जाई. परंतु ज्या सात-आठ जणांची निवड झाली नाही, त्यांना पत्र पाठविण्याचे बंधन या नियमाने कोणावरही घातले नव्हते. उमेदवार कार्यालयात येऊन विचारील, असे बहुधा गृहीत धरलेले असावे. शिवाय सेवायोजन कार्यालयाने पाठविलेल्यांतूनच निवड करावी, असेही मालकावर बंधन नव्हते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासकीय भरतीची माहिती सेवायोजन कार्यालयाबरोबरच वृत्तपत्रे आदी माध्यमांतूनही द्यावी, असा निकाल दिला. संधी सर्वांना खुली झाली हे योग्यच झाले. परंतु उमेदवार थेट जाहिरातीवरून येऊ लागल्याने, निकाल विचारण्यासाठी जे एक खिडकीवजा ठिकाण होते, त्याचे महत्त्वही कमी झाले. १९५९ चा हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. सेवायोजन कार्यालयाऐवजी तीत ‘करिअर सेंटर’ ही संज्ञा आहे.

शासकीय भरतीतील प्रतीक्षा

मौन केवळ खाजगी मालकच पाळतात, असे समजणे न्याय्य ठरणार नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राचे गाव. सैन्यात जाणे ही या भागातील अनेक घराण्यांची परंपरा आहे. भरती मेळाव्यात १.६ किलोमीटरची धाव ज्याला वेळेत जमली नाही, तो तरुण त्याच दिवशी निकाल घेऊन घरी जातो. त्याला वाईट वाटते, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा धावू लागतो. याच्या उलट अनुभव देशभरातील हजारो तरुणांना करोनाच्या साथीनंतर आला. शारीरिक व वैद्यकीय चाचणी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांची लेखी परीक्षा वारंवार पुढे ढकलण्यात आली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि आधीची भरतीप्रक्रिया पुढे चालली नाही. या काळात अनेकांची वयोमर्यादा उलटली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशा उमेदवारांना नियुक्तीचा निहित हक्क प्राप्त होत नाही, हे मत कायम ठेवले. निवडयादीत नाव आल्याने नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, परंतु शासनाने मनमानीही करता कामा नये, हे तत्त्व न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले होते. कायद्याची बाजू अशी स्पष्ट आहे. तथापि, धावण्यात नापास झालेल्याला एका दिवसात जे कळले, ते उत्तीर्ण झालेल्याला दोन वर्षे कळले नाही, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात येण्यासारखी आहे.

मुलाखतीचे स्थानही अलीकडे आक्रसले आहे. केंद्र शासनाने कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. लेखी परीक्षेचे गुण प्रसिद्ध होतात, त्यामुळे आपण कोठे उभे आहोत हे उमेदवारास निदान कळते.

सीमाभागातील उमेदवाराने विशेष ध्यानात ठेवावयाची एक गोष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषिकांना, शैक्षणिक अर्हता व इतर अटी पूर्ण होत असल्यास, महाराष्ट्र शासनाच्या सेवेसाठी अर्ज करता येतो. सामान्य प्रशासन विभागाचा १० जुलै २००८ चा शासन निर्णय याविषयी आहे. त्यासाठी विहित नमुन्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. हा दाखला अर्जासोबत नसेल किंवा वेगळ्या नमुन्यात असेल, तर छाननीतच नाव गळण्याचा संभव असतो, आणि उमेदवार मात्र मुलाखतीच्या पत्राची वाट पाहत राहतो. गावातील शिक्षकांनी व ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी अर्ज भरतानाच हा दाखला तपासून दिल्यास पुष्कळ जणांचे निष्फळ थांबणे टळेल.

विचारण्याचा हक्क

शासकीय कार्यालय, मंडळ किंवा शासनाच्या अनुदानावर मुख्यतः चालणारी संस्था असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग होतो. अर्जाचे शुल्क १० रुपये असून सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. निवडयादी तयार झाली काय, जागा भरली काय, प्रतीक्षायादीची मुदत कोणत्या दिवशी संपते, स्वतःस मुलाखतीत किती गुण मिळाले, हे प्रश्न विचारता येतात. मुलाखतीचे गुण उमेदवारास द्यावेत, मात्र परीक्षकांची नावे देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केरळ लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात म्हटले आहे. २०१८ च्या एका निकालाने संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील गुण उघड करण्याबाबत काही मर्यादा घातल्या आहेत.

भाषेचा प्रश्न येथेही येतो. अधिनियमानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावयाचा असतो. म्हणजे कोल्हापूरच्या कार्यालयास मराठीत लिहिता येते. बेळगावच्या राज्य शासकीय कार्यालयास लिहिताना कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी वापरणे इष्ट, अन्यथा भाषेच्या कारणावरून अर्ज परत येऊ शकतो. दोन्ही राज्यांच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांपर्यंत ठेवण्यास सांगितले आहे. तेव्हा तक्रारीचा इतिहास न लिहिता जाहिरातीचा क्रमांक, पद, मुलाखतीची तारीख आणि तीन-चार नेमके प्रश्न एवढेच लिहावे.

खाजगी कारखान्यास हा अधिनियम लागू नाही. तेथे आपल्या देशात अद्याप मालकाच्या सौजन्यावरच विसंबावे लागते. इतरत्र काही ठिकाणी याबाबत कायद्याने पाऊल टाकले आहे. दक्षिण कोरियात ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी भरतीचा निर्णय उमेदवारांना विनाविलंब कळवावा, अशी तरतूद आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नवा नियम लागू झाला. जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत दिलेल्या उमेदवारास, निर्णय झाला आहे की नाही हे ४५ दिवसांच्या आत कळविणे २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकावर बंधनकारक आहे. आपल्या १९५९ च्या कायद्यातील संख्याही २५ च होती. फरक एवढाच की तेथे उत्तर कार्यालयाऐवजी उमेदवाराकडे जाते.

अशा कायद्याची वाट न पाहताही काही करता येण्यासारखे आहे. मुलाखतीच्या पत्रातच निर्णयाची तारीख छापणे मालकास अवघड नाही. त्या तारखेपर्यंत संदेश न आल्यास निवड झाली नाही असे समजावे, एवढी एक ओळ असली तरी उमेदवार मोकळा होतो. प्रतीक्षायादीतील तिघांना तसे स्पष्ट सांगितल्याने मालकाचेही नुकसान होत नाही. उलट पहिला उमेदवार आला नाही तर दुसरा रागावलेला नसतो. पूर्वी यासाठी पोस्टकार्ड लागत असे, आता भ्रमणध्वनीवरील एक संदेश पुरतो.

उमेदवारानेही उठण्यापूर्वी ‘निर्णय साधारण कोणत्या दिवसापर्यंत होईल, आणि चौकशी कोणाकडे करावी?’ असे नम्रपणे विचारावे. यात उद्धटपणा नाही. मिळालेली तारीख व नाव वहीत टिपून ठेवावे. ती तारीख उलटल्यावर एक आठवडा थांबून एकदा लेखी विचारणा करावी. त्यालाही उत्तर न आल्यास ती जागा आपल्यासाठी संपली असे धरून समोर असलेले काम स्वीकारावे. पुढे बोलावणे आलेच, तर त्या दिवशी त्याचा विचार करता येतो.