जोडीतलं दुसरं चाक
(विमान समजून घेताना : लेखांक 9)

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत आमच्या गच्चीवरून पाहिलं, तर एचएएलच्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं डोक्यावरूनच जातात. 2008 साली प्रवासी वाहतूक देवनहळ्ळीला गेली, पण लष्करी आणि खासगी विमानांची ये-जा सुरूच आहे. तेवढ्या दोन-चार सेकंदांत चाकं मोजायची मला सवय लागलीय. मागच्या आठवड्यात ब्रेकचं बोललो, आता टायर.

खाली रिंगरोडला ट्रकवाले थांबतात. क्लीनर उतरतो, हातातल्या टॉमीनं एकेक टायर ठोकत जातो. टण्ण वाजलं की ठीक, भद्द वाजलं की हवा कमी. हे कान विमानापाशी कामाचे नाहीत. प्रवासी जेटच्या टायरमध्ये 200 पीएसआयच्या आसपास दाब असतो, तुमच्या-आमच्या गाडीच्या सहापट. शिवाय एका आसावर दोन चाकं. एकाची हवा उतरली की त्याचा भार शेजारचं गुपचूप उचलतं. दोन्ही टायर सारखेच गुबगुबीत दिसतात. लाथ मारून बघणाऱ्यालाही काही कळत नाही. गेज लावल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तेही टायर थंड झाल्यावर, म्हणजे उतरल्यानंतर दोन-तीन तासांनी. गरम टायर दाब वाढवून दाखवतो.

उतरलेल्या दाबाबद्दलचा नियम मला फार आवडतो. दाब पाच टक्क्यांपर्यंत उतरला तर नायट्रोजन भरा. दहाच्या पुढे गेला तर टायर काढा. वीसच्या पुढे गेला तर तो काढाच, पण जोडीदारही काढा. जोडीदाराचा काहीच दोष नसतो, पण त्यानं किती ओझं सोसलं हे बाहेरून सांगता येत नाही.

6 मे 2021 ला नागपूरहून निघालेल्या एअर अॅम्ब्युलन्सचं एक चाक उड्डाणातच निखळलं. ते कळलं, म्हणून मुंबईत धावपट्टीवर फेस पसरता आला. विमान पोटावर उतरलं आणि आतले पाचही जण वाचले. निखळलेलं चाक निदान दिसतं.

11 जुलै 1991 ला जेद्दाहून नायजेरियन हज यात्रेकरूंना घेऊन निघालेल्या डीसी-8 चं तसं नव्हतं. 2 आणि 4 नंबरच्या टायरमध्ये हवा कमी आहे, हे मेकॅनिकांना काही दिवस आधीच ठाऊक होतं. नायट्रोजन हाताशी नव्हता, विमानाला आधीच उशीर झालेला. निघालं तसंच. धावताना आधी फुटला तो शेजारचा 1 नंबर. मग 2 नंबर फुटला, त्याचं चाक फिरायचं थांबलं आणि धावपट्टीवर घासत पेटलं. वैमानिकांना आगीचा पत्ता नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे चाकं पोटात घेतली, जळतं चाकही. 261 जण गेले.

(पुढच्या आठवड्यात : तापल्यावर वितळून टायरची हवा सोडणारं छोटं बूच)