बारा यार्डांवरची अपेक्षा

बुलढाणा जिल्ह्याला फुटबॉलचं वेड लागलं ते मैदानापेक्षा टीव्हीमुळे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठेही जा, विश्वचषक आला की रात्र रात्र जागणारी मंडळी भेटतातच. त्यातल्या निम्म्यांना ऑफसाइड धड समजावून सांगता येणार नाही. पण पेनल्टी सगळ्यांना कळते. एक चेंडू, एक मारणारा, एक गोली आणि मधे बारा यार्ड, म्हणजे जेमतेम अकरा मीटर. म्हणूनच आमच्यासारख्या प्रेक्षकांची सगळी अपेक्षा त्या एका माणसावर जाऊन बसते. 1986 पासून आजवर ही अपेक्षा कशी होती आणि तिचं काय झालं, हे एकदा मांडावंसं वाटतं.

1986 च्या मेक्सिको विश्वचषकात गल्लीतल्या एखाद-दुसऱ्या घरी टीव्ही असायचा आणि त्यापुढे अख्खी गल्ली. 21 जूनला ग्वादालाहारात ब्राझील आणि फ्रान्स खेळले, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र होत आली होती. 1-1 अशी बरोबरी असताना ब्राझीलला पेनल्टी मिळाली. मारायला आला झिको, नुकताच मैदानात उतरलेला. गोली जोएल बात्सनं ती अडवली. पुढे टायब्रेकरमध्ये सॉक्रेटिस हुकला, ज्युलिओ सीझरचा चेंडू खांबाला लागला आणि ब्राझील 4-3 नं बाहेर गेलं. त्याच टायब्रेकरमध्ये फ्रान्सच्या प्लाटिनीनं चेंडू बारवरून मारला होता. तेही वाढदिवसाच्या दिवशी. पण फ्रान्स जिंकलं, म्हणून प्लाटिनीची ती किक आज फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही, आणि झिकोची मात्र निघते. दोघंही त्या काळातले जगातले सर्वोत्तम मारणारे. माफी एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही, आणि ती दोघांच्याही हातात नव्हती.

त्या काळातली आमची अपेक्षा साधी होती: पेनल्टी म्हणजे गोल. हुकला की एकच सवाल, "इतक्या जवळून काऊन हुकला बे?" हा सवाल सगळ्यांत जास्त वेळा रॉबर्टो बॅजिओच्या वाट्याला आला. 1994 च्या विश्वचषकात इटलीला अंतिम सामन्यापर्यंत त्यानंच ओढत आणलं होतं. बाद फेरीत पाच गोल केले होते, आणि उपांत्य सामन्यात मांडीचा स्नायू दुखावूनही तो अंतिम सामन्यात उतरला होता. पॅसाडेनाच्या भर दुपारच्या उन्हात, आपल्याकडे 18 जुलैच्या पहाटे, ब्राझीलविरुद्धच्या टायब्रेकरमध्ये त्याचा चेंडू बारवरून गेला आणि मान खाली घालून उभा राहिलेला तो माणूस सगळ्या जगानं पाहिला. त्याआधी इटलीचा कर्णधार बारेसी आणि मास्सारो असे दोघं हुकले होते. शिवाय बॅजिओनं गोल केला असता तरी ब्राझीलची पाचवी किक शिल्लक होती. म्हणजे तो गोल झाला असता तरी विश्वचषक इटलीला मिळालाच असता, असं नाही. तरी नाव राहिलं ते बॅजिओचंच. हा अन्याय आहे असं मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं.

आकडे पाहिले की हा अन्याय आणखी स्पष्ट होतो. गोलपोस्ट 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. चांगल्या खेळाडूची किक अर्ध्या सेकंदाच्या आसपास तिथे पोचते, म्हणजे चेंडू सुटल्यावर बघून निर्णय घ्यायला गोलीला वेळच नाही. त्याला आधीच अंदाज बांधून झेपावं लागतं. एवढं सगळं मारणाऱ्याच्या बाजूनं असूनही मोठ्या स्पर्धांत साधारण चारातल्या तीनच पेनल्टी आत जातात. चौथी का जात नाही? नॉर्वेचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधले टायब्रेकर तपासले. जी किक आत गेली तर संघ जिंकतो, ती नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आत गेली. जी हुकली तर संघ हरतो, ती जेमतेम साठ टक्क्यांच्या वर. अंतर तेच आणि गोलपोस्टही तेवढाच. बदलते ती फक्त मारणाऱ्याच्या मनातली भीती. आणि ती भीती घालण्यात प्रेक्षक म्हणून आपलाही वाटा असतो.

व्यावसायिक खेळाडूकडून आपण काहीच मागू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. तयारी मागायचा आपल्याला पुरा हक्क आहे. 2006 च्या विश्वचषकावेळी आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. वीज असलेल्या घरी जाऊन सामने पाहावे लागत. जर्मनी-अर्जेंटिना सामन्याच्या टायब्रेकरमध्ये जर्मन गोली लेमननं मोज्यातून चिठ्ठी काढून वाचलेली आठवते. अर्जेंटिनाचे खेळाडू कुठे मारतात, याची टिपणं होती ती. शेवटचा मारणारा काम्बियास्सो त्या चिठ्ठीत नव्हताच, पण लेमन चिठ्ठीकडे बघतोय हे त्याला दिसलं, आणि त्याची किक अडवली गेली. तयारी काय करू शकते, हे त्या रात्री कळलं. इंग्लंडचंही तसंच. 1996 च्या युरो स्पर्धेत ज्याची पेनल्टी अडवली गेली होती तो गॅरेथ साउथगेट पुढे प्रशिक्षक झाला, त्यानं संघाकडून पेनल्टीचा कसून सराव करून घेतला, आणि 2018 मध्ये कोलंबियाला हरवून इंग्लंडनं विश्वचषकातला पहिला टायब्रेकर जिंकला.

पण तयारी म्हणजे हमी नव्हे. 2022 च्या विश्वचषकाआधी स्पेनचे प्रशिक्षक लुइस एन्रिके यांनी खेळाडूंना क्लबमध्ये किमान हजार पेनल्टी मारून या, असं सांगितलं होतं. मोरोक्कोविरुद्ध टायब्रेकर झाला, आणि स्पेनचे तिघं मारायला आले, तिघंही हुकले. एकही गोल नाही! त्याच स्पर्धेत हॅरी केननं फ्रान्सविरुद्ध एक पेनल्टी आत घातली, इंग्लंडसाठी सर्वाधिक गोलांच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि त्याच सामन्यात दुसरी बारवरून मारली. आणि अंतिम सामन्यात एम्बापेनं तीन पेनल्टी मारल्या, तिन्ही आत गेल्या, तरी फ्रान्स हरलं.

माझी अपेक्षा खऱ्या अर्थानं बदलली ती 2010 आणि 2021 मधल्या दोन सामन्यांनी. 2010 च्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी घानाला पेनल्टी मिळाली. आत गेली असती तर आफ्रिकेचा संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला असता. असामोआ ग्यानचा चेंडू बारला लागून वर गेला. त्यानंतर काही मिनिटांतच टायब्रेकर सुरू झाला आणि घानाची पहिली किक मारायला पुढे आला तो ग्यानच. त्यानं ती आत मारली. घाना हरलं, पण एवढी छाती मी फार कमी खेळाडूंत पाहिली आहे. पेनल्टी मारणाऱ्याकडून नेमकं काय मागावं, ते मला त्या किकनं शिकवलं.

11 जुलै 2021 ला वेम्बलीवर युरोच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्धच्या टायब्रेकरमध्ये इंग्लंडचे रॅशफोर्ड, सँचो आणि साका हुकले. साका तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सामना संपताच तिघांच्या रंगावरून जी गलिच्छ शिवीगाळ झाली, ती वाचून प्रेक्षक असण्याचीच लाज वाटली. तीन वर्षांनी, 6 जुलै 2024 ला, युरोमध्येच स्वित्झर्लंडविरुद्ध साकानं टायब्रेकरमध्ये पुन्हा किक घेतली. आत गेली. इंग्लंड 5-3 नं जिंकलं.

आपल्याकडेही टायब्रेकरची नशा कमी नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने टायब्रेकरवर गेले की काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. 4 जुलै 2023 ला बंगळुरूत सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतानं कुवेतला टायब्रेकरमध्ये 5-4 नं हरवलं, तेव्हा उदांता सिंगची किक हुकली होती. महेश सिंगनं सहावी आत घातली आणि गुरप्रीतनं कुवेतची शेवटची अडवली. जिंकलो म्हणून उदांताला कुणी फारसं बोललं नाही. हरलो असतो तर? 1986 चा प्लाटिनी आणि झिको यांच्यातला फरक इथेही लागू झाला असता.

म्हणून शैलेन मन्नांची गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला सांगावीशी वाटते. 31 जुलै 1948, लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध खेळला, बहुतेक खेळाडू अनवाणी. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या, आणि अगदी शेवटच्या क्षणांत गोल खाऊन आपण 1-2 नं हरलो. हुकलेल्यांपैकी एक मन्ना. त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही. 1951 मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार शैलेन मन्नाच होते.

15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्तानं, राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींना फुटबॉल खेळवण्याचा सरकारी उपक्रम झाला. एका दिवसानं खेळाडू घडत नाहीत. पण सुब्रतो कपासाठी दर पावसाळ्यात तालुक्याचे, जिल्ह्याचे आणि पुढे अमरावती विभागाचे सामने होतात, तिथे आपली मुलं खरोखर घडू शकतात. शाळांचे हे सामने टायब्रेकरवरही जातात, आणि चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा किंवा पोरगी भरल्या मैदानासमोर एकटी चालत स्पॉटपर्यंत जाते. क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: पेनल्टीचा सराव सुरुवातीला नको, शेवटी घ्या, पाय थकलेले असताना आणि बाकीची मुलं बघत असताना, कारण सामन्यात तसंच असतं. किक हुकलेल्या मुलाचं नाव पुढच्या सामन्याच्या यादीतून काढू नका. आणि कडेला उभ्या राहणाऱ्या आपण सगळ्यांनी, पालकांनीसुद्धा, तो हुकल्यावर आधी टाळी वाजवावी.