काही न खाताही शुगर का वाढते? टेन्शन आणि डायबेटीसचं गणित

आम्ही बाभुळगावचे, घरी कापसाची शेती. मागच्या हंगामात बाबांची उपाशीपोटीची शुगर 130 वरून थेट 190 वर गेली. "चोरून गोड खाल्लं ना?" मी सरळ विचारलं. बाबा काहीच बोलले नाहीत. कापसाचा भाव पडलेला, पीककर्ज डोक्यावर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते जागे. डॉक्टरांनी विचारपूस केली तेव्हा कळलं, कारण गोड नव्हतं. टेन्शन आणि जागरण होतं.

शरीरात नेमकं काय होतं?

धोका दिसला की शरीर पळायची तयारी करतं. अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. कॉर्टिसोल हे दुसरं हार्मोन यकृताला नवीन साखर बनवायला लावतं, वर इन्सुलिनचा परिणामही कमी करतं. वावरात साप दिसला तर ती साखर पळण्यात खर्च होते. कर्जाच्या काळजीत मात्र माणूस खाटेवर पडून असतो, साखर रक्तातच राहते. निरोगी शरीर जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळतं. टाइप 2 डायबेटीसमध्ये ते पुरेसं जमत नाही. टाइप 1 मध्ये शुगर कधी वाढते, कधी कमीही होते.

मोबाईलवर कसं ओळखायचं?

1. ग्लुकोमीटरचं रीडिंग गूगल शीट्समध्ये लिहा. सोबत वेळ, जेवण, झोपेचे तास आणि टेन्शन (10 पैकी किती).
2. दोन आठवड्यांनी बघा, वाढलेले आकडे कोणत्या दिवसांचे आहेत.
3. ती शीट डॉक्टरांना दाखवा. गोळीचा डोस स्वतः बदलू नका.

दंडावर लावायचा सीजीएम सेन्सर दिवसभराचा आलेख मोबाईलवर दाखवतो, पण तो महाग पडतो. बाबांसाठी आम्ही ग्लुकोमीटरवरच भागवलं.

इथे फसू नका

कॅमेऱ्यावर बोट ठेवून शुगर सांगणारी अ‍ॅप्स विश्वासाची नाहीत. सुई न टोचता शुगर मोजणाऱ्या घड्याळांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये इशारा दिला होता: असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही.

आणखी एक. घाम, थरथर, धडधड हे नेहमी टेन्शनच असेल असं नाही, शुगर कमी झाल्यावरही हेच होतं. आधी तपासा. 70 च्या खाली असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या.

आता रीडिंग वाढलं की मी बाबांना आधी विचारतो, "रात्री झोप लागली का?" तुम्हीही घरी विचारून बघा.