नव्वद टक्के म्हणजे नेमके किती?

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो. संध्याकाळपर्यंत जळकोटच्या बाजारात भेटेल तो एकच विचारतो, ‘किती पडले?’ नव्वदच्या वर असतील तर लेकरू लातूरला, साठच्या आत असतील तर ‘शेती हायच की’. एका आकड्यावर आयुष्य वाटून मोकळे! म्हणून आधी तो आकडा काय सांगतो आणि कुठे चालतो, ते बघू.

गैरसमज : टक्के म्हणजे सगळ्या विषयांचा हिशेब.
वस्तुस्थिती : विषय सहा, पण टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाचांची. समजा मराठी 95, सामाजिक शास्त्रे 94, हिंदी 92, इंग्रजी 88, विज्ञान 86 आणि गणित 61. टक्के पडतात 91! गणिताचे 61 त्यात कुठेच दिसत नाहीत. शिवाय प्रत्येक विषयाच्या शंभरातले 20 गुण शाळेच्या हातात असतात, आणि चित्रकला-खेळाचे वाढीव गुण वेगळे. पेढे वाटा, पण गुणपत्रिका ओळीओळीने वाचा. इंजिनीअरिंगची स्वप्नं असतील तर या 61 वरच बोलायला हवं.

गैरसमज : दहावीला नव्वद पडले, म्हणजे डॉक्टरकी पक्की.
वस्तुस्थिती : हे टक्के लातूरच्या नावाजलेल्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळवून देतात, त्यांचं काम तिथं संपतं. एमबीबीएसची गुणवत्ता यादी लागते ती ‘नीट’च्या 720 गुणांवर. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50, आरक्षित प्रवर्गांना 40 टक्के लागतात, तेही फक्त पात्रतेपुरते.

गैरसमज : मग दहावीचे गुण बिनकामाचेच.
वस्तुस्थिती : आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश दहावीच्या गुणांवरच होतो. लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात जागा हवी असेल, तर एकेक टक्का मोलाचा. गावच्या टपाल कार्यालयातल्या ग्रामीण डाकसेवकाची निवडही लेखी परीक्षेविना, दहावीच्या गुणांवर होते. थोडक्यात, डॉक्टर होणाऱ्यापेक्षा डाकसेवक होणाऱ्याला हे गुण जास्त कामाला येतात!

गैरसमज : नापास झालं, वर्ष गेलं.
वस्तुस्थिती : पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते. एक-दोन विषय राहिले तरी ‘एटीकेटी’वर अकरावीत बसता येतं. पुढे पोलीस भरतीला बारावी पास लागतं. निवड मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षेवर होते, तिथं दहावीचे टक्के कुणी मोजत नाही.

मग पालकांनी गुणांची काळजी किती करावी? लेकराला जिथं जायचंय तिथं ते मोजले जातात, तितकी. आणि एखाद्या विषयात गुण कमी आले, तर ओरडण्याआधी मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. गणित आलं नाही, की येत असून वेळ पुरला नाही, हे त्या कागदावर दिसतं. टक्क्यांत दिसत नाही.