कार-टी उपचाराच्या पहिल्या भेटीची तयारी

रक्ताच्या कर्करोगावर मुंबईत नवी उपचारपद्धती आली आहे, बाबांना न्यावे का, हा प्रश्न बोरगाव मेघेसारख्या गावातही आता विचारला जातो. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल सेंटर आणि इम्युनोॲक्ट यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या देशी कार-टी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखण्याची क्षमता देतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. बी-पेशींचा लिम्फोमा वा ल्युकेमिया नेहमीच्या उपचारांना दाद देत नसेल किंवा उलटला असेल, तरच हा उपचार विचारात घेतात. तोंडाच्या वा स्तनाच्या कर्करोगासाठी तो नाही.

वर्ध्याहून मुंबई रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर. एक कागद घरी राहिला, तर थकलेल्या रुग्णाची फेरी वाया जाऊ शकते. म्हणून बायोप्सीचा अहवाल, काचपट्ट्या व पॅराफिन ब्लॉक, पेट-स्कॅनची सीडी आणि आधीच्या केमोथेरपीचा तारखांसह तपशील तारीखवार लावून घ्यावा. चालू औषधांच्या यादीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड आणि आयुर्वेदिक काढेही लिहावेत. स्टेरॉइडचा टी-पेशींवर परिणाम होतो. तथापि ते स्वतःहून बंद करू नये. पूर्वी क्षयरोग किंवा कावीळ झाली असल्यास आवर्जून सांगावे.

तेथे रक्तपेशींची गणना, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही, हृदयाची टू-डी इको, पेट-स्कॅन आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची तपासणी होते. रुग्णाची स्मरणशक्ती व लेखनही पाहतात. या उपचारानंतर तीव्र ताप, रक्तदाब उतरणे किंवा भ्रम होणे संभवते. तो बदल वेळीच ओळखण्यासाठी आधीची स्थिती ठाऊक असावी लागते. त्यामुळे चष्मा, श्रवणयंत्र व कवळी सोबत हवीच. केवळ वय अधिक म्हणून नकार मिळत नाही. रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, हृदय व मूत्रपिंडे किती साथ देतात, यास अधिक महत्त्व असते.

पेशी दिल्यानंतर साधारण चार आठवडे रुग्णालयाजवळ राहावे लागते आणि सोबत एक जबाबदार माणूस अहोरात्र लागतो. तो कोण, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. खर्च कित्येक लाखांचा असतो. पात्रता निश्चित होण्याआधी शेत विकण्याची घाई करू नये. खर्चाचा लेखी अंदाज घेऊन रुग्णालयातील समाजसेवा विभागास अवश्य भेटावे.

सर्वांत अवघड तयारी घरातलीच. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपासून आजाराचे नाव लपवण्याची रीत आहे. परंतु संमतिपत्रावर सही त्यांची असते. धोका त्यांच्या देहाला असतो. बरे होण्याची शक्यता किती, त्रास कोणता, उपचार न घेतल्यास पुढे काय, हे प्रश्न त्यांनी स्वतः विचारावेत. गाडीत बसण्याआधी त्यांच्याशी शांतपणे बोलावे. त्यांनी ‘नको’ म्हटले, तर तेही उत्तर मानावे. वेदनाशमन आणि आधाराचे उपचार त्यानंतरही देता येतात.